टेचिमानची अबेना आणि माझा जळफळाट

हेवा वाटला तरी माणसं तसं म्हणत नाहीत. 'कौतुक वाटतं' म्हणतात. मला अबेनाचं कौतुक कधी वाटलं नाही. हेवाच वाटला, आणि तोही चांगला सणसणीत, पोटात दुखावं असा. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा सगळ्यांत आधी तीच डोळ्यांसमोर आली. बढत्या, निरोप समारंभ वगैरे मागाहून. तेव्हा तिच्यावरच लिहिते. बढत्यांबद्दल लिहिण्यासारखं तसंही फार नाही.

मी सिंगापूरला काजूच्या धंद्यात होते म्हटलं की लोक लगेच म्हणतात, "मग काय, काजू पोत्यानं घरी येत असतील!" येत नाहीत. ऑफिसातही येत नसत. तंजोंग पगारच्या एका उंच इमारतीत बसून आमची कंपनी घानामधून कच्च्या काजूबिया घ्यायची आणि व्हिएतनामच्या कारखान्यांना विकायची. माल जहाजानं परस्पर जायचा. सिंगापूरला यायचा तो फक्त नमुना, लाखबंद पिशवीतून. तो कापून बघणं हे माझं काम.

काजूबी बाहेरून बघून काही कळत नाही. सगळ्या करड्या, सगळ्या वाकड्या. आत गर भरलेला आहे की सुरकुतलेला की नुसतीच पोकळी, हे कापल्याशिवाय समजत नाही. म्हणून अडकित्त्यासारख्या कातरीनं एकेक बी उभी कापायची, चांगल्या-वाईटाचे ढीग लावायचे आणि चांगला गर तोलायचा. एवढ्याशा पिशवीवर जहाजभर मालाचं नशीब ठरतं. मी वेंगुर्ल्याची. काजूच्या सालीतलं तेल लहानपणापासून अंगावर उडालेलं, त्यामुळे इथले इंजिनीअर हातमोजे शोधेपर्यंत माझा अर्धा नमुना कापून व्हायचा. त्या तेलानं बोटं मात्र कायमची काळवंडली. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला एकीनं विचारलंही होतं, "मेंदी बिघडली का हो?"

अबेना आमची सगळ्यात मोठी पुरवठादार. घानामधलं टेचिमान हे तिचं गाव. तिथला बाजार बायकांच्या हातात आहे. टोमॅटोवाल्या बायकांची एक राणी, कंद विकणाऱ्यांची दुसरी. भाव, भांडणं, जागा, सगळं ती राणी ठरवते. अबेनाची आई कंदांच्या बाजाराची राणी होती. अबेनानं काजूत हात घातला आणि ट्रक, गोदामं, माणसं, सगळं स्वतःच्या नावावर उभं केलं. ही माहिती मला फोनवरून तुकड्यातुकड्यांनी कळली. मी विचारायचे, "मॅडम, माल भरायचं कधी कळवाल?" ती म्हणायची, "उद्या भरते. आत्ता कळवलं ना." तेव्हापासूनच माझं जळायला लागलं.

मग एका हंगामात व्हिएतनामच्या एका कारखान्यानं तिचा माल नाकारला. नव्या बियांत जुन्या मिसळल्या आहेत, अशी तक्रार. अशा वेळी लाखबंद नमुना दोन्ही बाजूंसमोर फोडतात. पुरवठादार बहुधा एजंटाला पाठवतो. अबेना स्वतः विमानात बसून आली. मोठ्या पिवळ्या फुलांचा झगा, त्याच कापडाचं डोक्याला बांधलेलं फडकं. मला वाटलं होतं, एवढा पसारा सांभाळणारी बाई माझ्याहून बरीच थोरली असेल. माझ्याच वयाची निघाली. तोही एक घावच.

मी कापत गेले, ती शेजारी बसून बघत राहिली. कागदावर सुरकुतलेल्या गराचा ढीग वाढत चालला. आमचे साहेब, मिस्टर लिम, वादाची सगळी तयारी करून समोर बसले होते. निम्मा नमुना व्हायच्या आतच अबेनानं हात वर केला.

"पुरे. जुनी बी आहे. माझ्या भाच्यानं मिसळली असणार. माल माझा, चूक माझी. पुढच्या जहाजानं बदली माल देते."

लिमसाहेबांना पटेना. "तुम्हाला आधी कोणाशी बोलायचं असेल तर..."

"कोणाशी?" अबेनानं विचारलं. ती टोमणा मारत नव्हती. तिला प्रश्न खरंच कळला नव्हता.

त्या 'कोणाशी'नं माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण त्याच खोलीत, त्याच साहेबांसमोर बसून मी एकदा म्हटलं होतं, "घरी बोलून सांगते."

ती गोष्ट सांगायला हवी. कंपनीनं बऱ्याच वर्षांपूर्वी ठरवलं होतं की हंगामाचे चार-पाच महिने टेचिमानला आपलं माणूस बसवायचं. बी बाजारात उतरली की तिथेच कापायची, चांगली असेल ती घ्यायची. लिमसाहेबांनी पहिलं मला विचारलं. मला जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांनी पाठवलेल्या पिशव्या कापल्या, पण ज्या बाजारातून त्या येतात तो बाजार डोळ्यांनी पाहिला नव्हता. मी घरी येऊन नवऱ्याशी बोलले.

शिरीष बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तो मला कशालाच कधी नाही म्हणालेला नाही, ही त्याची खासियत. "तू ठरव," तो म्हणाला. "फक्त आईचं पथ्य, चिन्मयची पीएसएलई आणि माझा डबा, यांचं काय करायचं तेवढं बघ." मी बघितलं. सासूबाईंना हेल्परच्या हातचं चालत नव्हतं. पीएसएलई म्हणजे मुलाची सहावीची मोठी परीक्षा, तीही तोंडावर आलेली. शिरीषला बाहेरच्या खाण्यानं ॲसिडिटी होते, त्यामुळे रॅफल्स प्लेसच्या त्या काचेच्या इमारतीत तो रोज स्टीलचा डबा घेऊन जातो. मी लिमसाहेबांना सांगितलं, फॅमिलीमुळे जमणार नाही. बालन नावाचा माझा सहकारी गेला. दर हंगामात काळाठिक्कर होऊन यायचा आणि बाजाराच्या गोष्टी सांगायचा. मी ऐकायचे आणि कातर चालवायचे.

अबेना आली तोवर सासूबाई देवाघरी गेल्या होत्या, चिन्मय मेलबर्नला नोकरीला लागला होता आणि बालन नोकरी सोडून चालला होता. टेचिमानची जागा पुन्हा रिकामी होणार होती. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. म्हणजे ही शेवटची संधी, हे मला लख्ख दिसत होतं. आता वाटेत फक्त डबा होता.

नमुन्याचं काम आटपल्यावर मी अबेनाला खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला नेलं. तळलेल्या माशाचा काटा सफाईनं काढत तिनं विचारलं, "तुझा नवरा कुठे राहतो, सिस्टर?"

"कुठे म्हणजे? घरी."

"कोणाच्या?"

"आमच्या. आम्ही एकत्रच राहतो."

"रोज?"

तिचा चेहरा इतका काळजीचा झाला की मलाच हसू आलं. मग तिनं समजावलं. त्यांच्यात वंश आईकडून चालतो. मूल आईच्या कुळाचं, आणि पुरुषाचा वारस त्याच्या बहिणीचा मुलगा. लग्न झाल्यावरही बाई आपल्या आईच्या घरी राहू शकते, नवरा त्याच्या आईच्या घरी. हल्ली शहरात लोक एकत्र राहतात, पण तिच्या गल्लीत अजून जुनी पद्धत आहे. बायको आपल्या घरी रांधते आणि दिवेलागणीला एखादं पोर डोक्यावर झाकलेला वाडगा घेऊन नवऱ्याच्या घरी पोचवतं.

मी घास हातात धरून ऐकत होते. वेगळं घर! नवरा पलीकडच्या गल्लीत! जेवण पाठवलं की बाई मोकळी. रात्री 'माझे मोजे कुठे आहेत' नाही, सकाळी 'चहात साखर कमी आहे' नाही. टेचिमानहून सिंगापूरला यायचं तर विचारायचं कोणाला, हा प्रश्नच तिथे उगवत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

"फार हुरळू नकोस," ती म्हणाली. "आमच्याकडे गादीवर कोण बसणार ते राजमाता ठरवते. पण गादीवर बसतो पुरुषच. सभेत पन्नास पुरुष बोलतात, मग तिची पाळी येते."

"आमच्याकडे राजमातेला बोलायची पाळीसुद्धा मिळत नाही. तिला भात लावायचा असतो," मी म्हटलं. दुरून डोंगर साजरे असतात हे मला ठाऊक होतं. पण मी डोंगर मागतच नव्हते. चार महिने मागत होते.

दुसऱ्या दिवशी तिला बुकित तिमाहच्या आमच्या घरी जेवायला बोलावलं. तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण, भात, सोलकढी. ती हातानं इतकी सहज जेवली की शिरीष पहिल्या घासालाच खूश झाला. त्यानं तिला धंद्याचं विचारलं. तिनं बी कशी वाळवतात, ओल कशी लपवतात, कापून कसं बघतात ते सांगितलं. शिरीष पुढे झुकून ऐकत होता. "वा! म्हणजे कापल्याशिवाय कळतच नाही? काय सांगता!" तो सारखा माझ्याकडे वळून म्हणत होता, "सुलू, ऐकलंस का?"

मी ऐकलं होतं. हेच सगळं मी त्याला आमच्या लग्नापासून सांगत आले होते. तेव्हा तो पेपर वाचत असायचा. माझ्या बोटांना येणारा वास त्याला घरात नको असायचा, आणि आता त्याच वासाची गोष्ट दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकताना त्याचा भात निवत होता. मला वाटलं, कालवणाचं पातेलं उचलून आत न्यावं. अबेनाचा राग नव्हता आला मला. तिला मिळालेल्या कानांचा हेवा वाटत होता.

तेवढ्यात तिनं विषय काढला. बालनची जागा रिकामी होते आहे, हे तिला माहीत होतं. "मिस्टर शिरीष, पुढच्या हंगामात माझ्या बहिणीला टेचिमानला पाठवा. तिच्यासारखं कापणारं माणूस माझ्याकडे नाही."



"पाठवा म्हणजे काय?" शिरीष दिलखुलास हसला. "जाऊ दे ना! नक्की जाऊ दे. मी कधी अडवलंय तिला?"

अबेनानं टाळी दिली. त्यानंही हौसेनं घेतली. हवी ती गोष्ट पदरात पडली होती आणि मला आनंदानं नाचावंसं वाटायला हवं होतं. पण मी मनात हिशेब मांडत होते. मी वर्षानुवर्षं आडून, सरळ, रुसून, हसून मागितलं तेव्हा पथ्य, परीक्षा आणि डबा. आणि कालपरवा आलेल्या पाहुणीनं जेवता जेवता एका वाक्यात मागितलं, तर 'नक्की'. त्यानं तो होकार मला दिलाच नव्हता. तिला दिला होता. मी फक्त त्या टेबलावर हजर होते.

मी ताटं उचलून स्वयंपाकघरात गेले. मागोमाग अबेना आली, फोन कानाला लावून. घानात तेव्हा दुपार व्हायची होती. ती भराभर तिच्या भाषेत बोलत होती आणि मोकळा हात हवेत चालत होता. भाषा कळत नव्हती, पण चिमूटभर मीठ सांगताना बोटं सगळीकडे सारखीच होतात. ती घरच्या मुलीला स्वयंपाक सांगत होती. दोनदा तिनं काहीतरी ठासून सांगितलं, एकदा ओरडली.

"नवऱ्याचा वाडगा?" तिनं फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"हो. ताडफळांचं कालवण. ती पोरगी मिरची कमी घालते."

"घालू दे की! एवढी गोदामं सांभाळतेस आणि सिंगापुरात उभी राहून मिरचीचा हिशेब कसला करतेस?"

अबेना ओट्याला टेकली. "त्याची दुसरी बायको आहे, सिस्टर. बाजारापलीकडे राहते, शाळेत शिकवते. तिचाही वाडगा जातो."

मी हातातलं ताट सिंकमध्ये ठेवलं.

"दोन्ही वाडगे एकाच वेळी पोचतात," ती म्हणाली. "सकाळी परत येतात. माझा रिकामा येतो की त्यात काही उरलेलं असतं, ते मी रोज बघते. बाजारात माझ्यापुढे बोलायची कोणाची छाती नाही. पण वाडग्यात घास उरलेला दिसला की माझा तो दिवस गेला."

"तू तिचा हेवा करतेस?"

"तू माझा करतेस तसा." ती शांतपणे म्हणाली. "काल कातर धरलेला तुझा हात बघूनच मला कळलं."

मग तिनं तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते गेले तेव्हा त्यांच्या बहिणीचा मुलगा आला आणि त्यानं घराला कुलूप लावलं. अबेनाची आई आपल्या घरी होती म्हणून निभावलं. तिची चुलती नवऱ्याच्या घरात राहायला गेली होती, तिला चुलता गेल्यावर भांड्याकुंड्यांसकट रस्त्यावर यावं लागलं. त्यांच्याकडच्या बायका वेगळं घर आणि वेगळा धंदा धरून ठेवतात ते मिरवायला नाही. नवऱ्यामागे आपलं काही उरणार नाही, हे त्या जन्मापासून धरून चालतात.

"पण आता कायदा असेल ना?"

"आहे. बायको-मुलांना वाटा आहे, कागदावर सगळं समान आहे. पण कायदा राजधानीत, अक्राला राहतो, सिस्टर. नातेवाईक गल्लीत राहतात."

हे ऐकून माझा हेवा विरघळला असं लिहिलं तर छान वाटेल. पण तसं झालं नाही. तिचं दुःख मला कळलं, दुसरीच्या वाडग्याचा सल तर फारच कळला. तरी माझ्या मनात होतं ते हेच, की हिला रडायलासुद्धा स्वतःचं घर आहे.

"बदलशील माझ्याशी?" मी विचारलं.

तिनं बाहेर नजर टाकली. शिरीष टेबल पुसत होता. पाहुणे असले की तो पुसतो. "नवरा बरा आहे," ती म्हणाली. "घर वेगळं देणार असशील तर बघू."

आम्ही दोघी खूप हसलो. बाहेरून शिरीषनं विचारलं, काय झालं. आम्ही सांगितलं नाही.

सकाळी मी ऑफिसात पोचले ती थेट लिमसाहेबांच्या खोलीत. टेचिमानसाठी मी तयार आहे, म्हटलं. घरी बोलले आहे.

ते गडबडले. चष्मा काढून पुसला. जागा गेल्याच आठवड्यात भरली होती. शू वेन जाणार होती. शू वेन म्हणजे माझी असिस्टंट. कातर कशी धरायची ते तिला मीच शिकवलं होतं. तिचं बाळ नुकतंच चाइल्डकेअरला जायला लागलं होतं.

"मला का नाही विचारलं?"

"यू सेड फॅमिली, माह," ते खरोखरच ओशाळून त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले. "सो आय नेव्हर आस्क अगेन लाह."

त्यांचं तरी काय चुकलं? मी एकदा फॅमिली म्हटलं आणि ते त्यांनी कायमचं मनात ठेवलं. सासूबाई गेल्या, मुलगा मोठा झाला, पण त्यांच्या लेखी माझी फॅमिली तशीच राहिली. शू वेन खोलीबाहेर भेटली. बिचारी माझी नजर चुकवत होती. मी विचारलं, बाळ लहान आहे, घरी काय म्हणाले? "सासूला राग आला," ती म्हणाली. "येईल आणि जाईल, लाह." मी तिला दोन कातरी बरोबर ने म्हणून सांगितलं, एक तिथे दमट हवेत गंजते. हे बालननं मला सांगितलं होतं. मी तिथे कधी गेलेच नव्हते.

अबेनाला विमानतळावर सोडायला गेले तेव्हा तिला सांगितलं. ती माझी काळी बोटं हातात घेऊन चेक-इनच्या रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर सोडली.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा शिरीषनं मनापासून वाईट वाटून मान हलवली. "अरेरे," म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "मी तर हो म्हणालो होतो." दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ऑफिसला गेला.

आता निवृत्त झाल्यावर हेव्याची यादी करायला भरपूर वेळ आहे. अबेनाचा वाटतोच. तिचा फोन येतो, मागे बाजाराचा कल्ला ऐकू येतो आणि मला जागच्या जागी कढ येतो. शू वेनचा वाटतो, ती आता तिथली मुख्य झाली आहे. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त हेवा मला शिरीषचा वाटतो. हो म्हटल्याचं पुण्य त्याच्या पदरात पडलं आणि एक दिवसही जेवणाची आबाळ झाली नाही. असं नशीब घानातल्या पुरुषालाही मिळत नसेल.

तो ती गोष्ट चारचौघांत रंगवून सांगतो. मागच्या गणपतीत मंडळाच्या जेवणाला अशीच सांगत होता. आफ्रिकेहून आलेली मोठी व्यापारी बाई, ती कशी हातानं जेवली, तिनं सुलूला कसं मागितलं आणि आपण कसं क्षणात हो म्हटलं. पुण्याहून नव्यानं आलेली एक मुलगी ऐकत होती. स्वतःच्या नोकरीवर, एकटी आलेली. तिचाही मला हेवा वाटलाच.

"काका, किती सपोर्टिव्ह आहात हो तुम्ही!" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काकू, मग तुम्ही का नाही गेलात?"

मी तोंडातला घास गिळेपर्यंत शिरीषनं उत्तर देऊनही टाकलं, तेही किती मायेनं.

"अगं, हिला घर सोडवत नाही."

त्या मुलीनं समजुतीनं मान हलवली. तिला ते लगेच पटलं.